पुराण धार्मिकात, पानिपत इतिहासात

आनंदीबाई कर्व्यांचं 'माझे पुराण' आम्हाला धार्मिक ग्रंथांच्या कपाटात सापडलं. एका बाजूला गुरुचरित्र, दुसऱ्या बाजूला शिवलीलामृत आणि मध्ये अंग चोरून बसलेल्या बाया कर्वे. अण्णांनी पुस्तक बाहेर काढलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि ग्रंथपालाकडे अशी नजर टाकली की तो पोरगा चहा सांगायच्या निमित्तानं जिना उतरला तो अर्धा तास वर आलाच नाही.

श्रावणातला रविवार होता. वाचनालय बंद ठेवून वार्षिक पडताळणी चालली होती. आमचं वाचनालय तालुक्याच्या गावचं, 'ब' वर्गातलं. ड्यूई दशांश पद्धत आमच्याकडे फक्त तपासणीच्या दिवशी अवतरते. एरवी पुस्तकाच्या पाठीवर रंगीत पट्टी. कादंबरी लाल, चरित्र-आत्मचरित्र निळं, इतिहास पिवळा, धार्मिक केशरी. पट्टी कुणी, कुठल्या तंद्रीत लावली यावर पुस्तकाचं नशीब. नाव बघून केशरी लावलेली होती, हे उघड होतं.

अण्णा म्हणजे इथल्या शाळेत बत्तीस वर्षं इतिहास शिकवलेले मास्तर. मोडी वाचतात, आणि ते सांगायची एकही संधी सोडत नाहीत. मी या गावची सून, बँकेतली नोकरी सांभाळून कार्यकारिणीवर आलेली. पुस्तक खरेदीच्या बैठकीत आम्हा दोघांचं गेल्या सहा वर्षांत एकदाही जमलेलं नाही.

"हे आधी निळ्यात टाक," अण्णा म्हणाले.

मी मागच्या पानावरची तारखांची चिठ्ठी उघडली. "अण्णा, शिक्के बघा. ऑगस्ट, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑगस्ट. सगळी मागणी श्रावणातली."

"पोथी समजून नेलं असणार."

"नेलं असेल. पण परत कधी आलं?" मी देवघेवीचं रजिस्टर ओढलं. "पोथी नाही म्हणून दुसऱ्या दिवशी आणून आपटलंय असं एकीनंही केलेलं नाही. बारा दिवस, चौदा दिवस. एकीनं तर दंड भरलाय."

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवून रजिस्टर पाहिलं, 'हं' म्हणाले आणि पुस्तक ना निळ्यात, ना केशरीत, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिलं.

पिवळ्या कपाटाशी खरी ठिणगी पडली. विश्वास पाटलांचं 'पानिपत' अण्णांच्या हाताला लागलं.

"हा गाढवपणा कुणाचा?"

"माझा," मी म्हटलं. "तीन वर्षांपूर्वी मुद्दाम ठेवलंय."

"कादंबरी आहे ही!"

"माहितीये मला. पण पिवळ्या कपाटाकडे झुरळं सोडून कुणी फिरकत नव्हतं, अण्णा. शेजवलकर एकटेच बसलेले. म्हटलं, सोबत द्यावी. आता त्यांची चिठ्ठी बघा."

शेजवलकरांच्या 'पानिपत : १७६१'ची आमच्याकडे मराठी प्रत आहे, १९६१ची. (इंग्रजीत ते आधीच, १९४६ला डेक्कन कॉलेजनं काढलं होतं.) पुठ्ठा नवा, पानं तपकिरी, वरच्या कडेला कसरीनं केलेली नक्षी. चिठ्ठीवर शेवटचा जुना शिक्का १९७९चा. त्याखाली एकदम अलीकडचे चार.

"यातला एक तुझा असणार," अण्णा म्हणाले.

"एक माझा. तीन कादंबरी वाचून झालेल्यांचे. शेजारी तेच नाव दिसलं म्हणून नेलं त्यांनी."

"आणि वाचलं?"

"ते तुमच्या वर्गातल्या पोरांनाही तुम्ही कधी विचारलं नसेल."

हे त्यांना लागलं. पण अण्णांचा राग कादंबरीवर नाही, हे मला ठाऊक आहे. 'स्वामी'च्या शेवटी थेऊरला रमाबाई सती जातात तिथं आपले डोळे भरून आले होते, हे त्यांनीच मला सांगितलंय. त्यांचं दुखणं वेगळं आहे. "पेपरात दोन मार्कांचा प्रश्न असायचा : थोरल्या माधवरावांची कामगिरी लिहा. आणि पोरं काय लिहायची? माधवराव रमेला म्हणाले! उत्तरात संवाद! मी मार्क कापले तर पालक शाळेत आले. म्हणे, पुस्तकात आहे तसं. कुठल्या पुस्तकात? लाल पट्टीच्या. म्हणून सांगतो, पट्टी बदलू नकोस. शेजवलकरांच्या वाक्याला 'हे कुठून आणलंत?' असं विचारायची सोय असते. काशीराज पंडितांकडून आणलं, अमक्या पत्रातून आणलं, भाऊसाहेबांच्या बखरीतून आणलं आणि बखरीवर मी इतपतच विसंबतो, असं ते उत्तर देतात. कादंबरीकाराला हाच प्रश्न विचारला तर तो हसेल. त्यानं हसावंच. त्याला ती मुभा आहे."

"सोय आहे, पण विचारतं कोण? टिपा वाचतं कोण?"

"मी वाचतो."

"गावात एक."

"एक पुरतो," अण्णा म्हणाले. मग जरा खालच्या आवाजात, "पुरत नाही. पण असावा."

मी शेजवलकरांचं दुसरं पुस्तक काढलं, कारण माझी खरी तक्रार त्याबद्दल आहे. शिवचरित्र लिहायचं म्हणून शेजवलकरांनी वर्षानुवर्षं साधनं जमवली. १९६३ला ते गेले. पुढच्या वर्षी जे जाडजूड 'श्रीशिवछत्रपती' निघालं त्यात आहे काय, तर संकल्पित चरित्राची प्रस्तावना, आराखडा आणि साधनं. चरित्र नाहीच! म्हणजे घराचा पाया आहे, नकाशा आहे, अंगणात विटांचा ढीग आहे, आणि वाचकानं राहायचं कुठं?

"थांबायचं," अण्णा म्हणाले.

"किती?"

"राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड काढले. गावोगाव पायपीट केली, लोकांच्या माळ्यांवरची दप्तरं उपसली. त्यांना का चरित्र लिहिता येत नव्हतं? आधी कागद गोळा होऊ देत म्हणाले. जेध्यांची शकावली घे. नुसत्या तारखा आणि घटना, ओळीखाली ओळ. झोप येईल तुला. टिळकांच्या हाती ती आली, १९१६ला छापून निघाली, आणि शिवजन्म १६२७चा की १६३०चा हा वाद त्यातल्या एका नोंदीनं फिरला. सरकारी जयंतीला ती तारीख मिळायला पुढं ऐंशीहून जास्त वर्षं लागली. इतिहासाला घाई चालत नाही, बाई."

"इतिहासाला नसेल. वाचकाला असते. त्याला एकच जन्म आहे. तुम्ही थांबलात, आणि तेवढ्यात त्या रिकाम्या जागेत 'श्रीमान योगी' येऊन बसला. दोष देसायांचा नाही, जागा रिकामी ठेवणाऱ्यांचा. गंमत बघा, १९६४चा साहित्य अकादमी पुरस्कार 'स्वामी'ला आणि १९६६चा शेजवलकरांच्या या न लिहिलेल्या चरित्राला. मधल्या वर्षी पु. लं.च्या 'व्यक्ती आणि वल्ली'ला."

"तेव्हाचे परीक्षक शहाणे होते."

"कुठल्या वर्षीचे?"

अण्णा हसले. चहा आला होता. ग्रंथपालानं तीन कप ठेवले आणि स्वतःचा घेऊन लांब नियतकालिकांकडे जाऊन बसला. शहाणा मुलगा आहे.

चहा पिताना अण्णांनी 'श्रीमान योगी'ची आमची प्रत मागवली. शिवण उसवलेली, दोनदा बांधणी झालेली. "तू म्हणशील, यात नरहर कुरुंदकरांची प्रस्तावना आहे. आहेच. पत्रासारखी लिहिलेली, कादंबरीकाराला चार गोष्टी सुनावणारी, शिवाजी महाराज समजायला कितीतरी इतिहासग्रंथांपेक्षा उपयोगी. आता कडा बघ." मी पुस्तक आडवं धरलं. कादंबरीची पानं शेकडो बोटांनी काळवंडलेली, कोपरे दुमडलेले, मध्ये कुठं भाजीचा डाग. सुरुवातीची प्रस्तावनेची पानं मात्र पांढरीस्वच्छ. कापून दाखवल्यासारखी रेघ होती दोन्हींच्या मध्ये.

यावर मला काही बोलता आलं नाही. मीही पहिल्या वेळी ती पानं उलटूनच पुढं गेले होते.

"आणि घाईनं काय होतं ते सांगतो," अण्णांना आता सूर सापडला होता. "संभाजीराजे. बाळाजी आवजी चिटणीसांना त्यांनी १६८१ला देहांत शासन दिलं. त्याच घराण्यातल्या मल्हार रामरावानं, राजांच्या मृत्यूनंतर सुमारे एकशेवीस वर्षांनी बखर लिहिली. घराण्याचा सल लेखणीत उतरला. ती बखर पुढच्यांनी घेतली, त्यावरून नाटकं झाली, आणि बेतालपणा, व्यसनं, हट्टीपणा हे सगळं टाळ्या घेत रंगभूमीवर नांदलं. लोकांना पटलं, कारण नाटक चांगलं होतं. वा. सी. बेंद्र्यांनी चाळीसेक वर्षं कागद हुडकले आणि १९६०ला 'छत्रपती संभाजी महाराज' काढलं, तेव्हा कुठं बखरीला जाब विचारणारं कुणी उभं राहिलं."

"बेंद्र्यांनी विचारला, मान्य. पण तो जाब घराघरात नेला कुणी? 'छावा'नं. १९७९ला. परवा त्यावरचा सिनेमा आला तेव्हा आपल्याकडे सतरा जणांची प्रतीक्षायादी होती, ग्रंथपालाला विचारा. बेंद्र्यांना किती होती?"

"शून्य."

"मग?"

"मग काय? आधी नाटकातलं व्यसनी चित्र पटलं, आता कादंबरीतलं तेजस्वी चित्र पटतं. दुसरं सत्याच्या जास्त जवळ आहे, मला त्याचा आनंदच आहे. पण दोन्ही वेळा पटलं ते चित्र छान होतं म्हणून. बेंद्र्यांनी काय काय बाजूला सारलं, कशावर शंका घेतली, कुठं त्यांनाही जोडकाम करावं लागलं, याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. उद्या तिसरा कुणी आणखी झकास लिहील आणि लोक त्याचे होतील."

खरं सांगायचं तर इथं अण्णा मला पटले. पण तसं मी दाखवलं नाही. वादात एकदा माणूस पटला की चहा गार होतो.

निळ्या कपाटाकडे आलो तेव्हा उन्हं कलली होती. तिथं पहिलंच हाताला आलं ते 'एक होता कार्व्हर'. आमच्याकडे त्याच्या पाच प्रती आहेत आणि पाचही कायम बाहेर असतात. ही एक बांधणीला आलेली. आठवीत वडिलांनी मला हे पुस्तक दिलं होतं. त्यानंतर कितीतरी दिवस मी परसात शेंगदाणे पेरत होते. एकही उगवला नाही. ते भाजलेले होते, हे आईनं फार उशिरा सांगितलं.

"यावर काही बोलू नका," मी आधीच म्हटलं.

"बोलणार नाही. वीणा गवाणकरांचे उपकार आहेत. या एका पुस्तकानं किती मुलं वाचायला लागली, मी डोळ्यांनी पाहिलंय. फक्त एक विचारतो. पीनट बटर कुणी शोधलं?"

मी गप्प.

"माझ्या शाळेत दर वर्षी दहा पोरं सांगायची, कार्व्हरनं. अगं, त्याचं पेटंट माँट्रियलच्या एका माणसानं १८८४ला घेतलं होतं. तेव्हा कार्व्हर विशीत होता, शिक्षणासाठी वणवण करत होता. टस्कीगीला तो गेला १८९६ला. तिथं त्यानं जे केलं ते बटरपेक्षा मोठं होतं. कापसानं जमीन चोखून टाकलेली. गरीब काळा शेतकरी, त्यातही वाट्यानं कसणारा. त्याला भुईमूग आणि रताळी लावायला शिकवलं, म्हणजे जमिनीचा कस भरून येईल आणि पोटालाही मिळेल. घोडागाडीत अवजारं आणि बियाणं भरून शाळाच शेतावर नेली. पत्रकं काढली, सोप्या भाषेत, अडाण्याला वाचून दाखवता येतील अशी. हे सांगितलं की पोरांचे चेहरे पडायचे. शोध पाहिजे त्यांना. जादूगार पाहिजे."

"पुस्तकात शेतीचं हे सगळं आहे, अण्णा."

"आहे. पण मनात काय उरतं ते बघ. आणि योगायोग असा की मराठीत हे पुस्तक आलं त्याच वर्षी, १९८१ला, तिकडं अमेरिकेत लिंडा मॅकमरी नावाच्या बाईनं कार्व्हरचं चरित्र लिहिलं. शास्त्रज्ञ किती आणि लोकांनी उभं केलेलं प्रतीक किती, हे सोडवून दाखवणारं. कार्व्हर त्यात लहान होत नाही. माणूस होतो. त्याच्या लहरी दिसतात, संस्थेत कारभारावरून झालेल्या कटकटी दिसतात, गोऱ्यांना हा नम्र काळा शास्त्रज्ञ इतका का आवडला हेही दिसतं. हे मराठीत का नाही आलं?"

"आठवीतल्या मुलीला ते कुणी दिलं असतं?"

"आठवीत नको. पण तू आता चव्वेचाळीसची आहेस."

हे वर्मी बसलं. आपल्याकडे चरित्र म्हटलं की 'थोरांची चरित्रं', आणि थोरांची म्हटलं की आठवीसाठी. पुढं नववी येतच नाही. मी तसं म्हटल्यावर अण्णांनीच उलट बाजू घेतली, त्यांची ही खोड आहे. म्हणाले, असं सरसकट नको. न. चिं. केळकरांनी टिळकांचं त्रिखंडी चरित्र लिहिलं ते टिळकांच्या सावलीत वावरलेल्या माणसानं. त्यात भक्ती आहे, पण कागदही आहे. धनंजय कीर मुंबई महापालिकेत कारकुनी करता करता चरित्रं लिहायचे. आणि खैरमोडे? बाबासाहेबांच्या चरित्राचे बारा खंड. पहिला १९५२ला, बाबासाहेब हयात असताना. कुणी शिष्यवृत्ती दिली नव्हती, संस्थेचं पाठबळ नव्हतं. आठवणी, चिठ्ठ्या, भाषणं, जिथं मिळेल तिथून उतरवून ठेवलं. "लोक म्हणतात खैरमोड्यांचं चरित्र विस्कळीत आहे. असू दे. विस्कळीत पुस्तकात पुढच्याला हात घालायला जागा असते. गुळगुळीत पुस्तकावरून हात घसरतो."

मी म्हटलं, "म्हणजे वाचायला सोपं ते संशयित, असंच ना?"

"सोपं ते दोनदा वाचायचं."

यावर आमचं अर्धा तास चाललं, ते सगळं सांगत नाही. 'इतर' म्हणून जे कपाट आहे त्यात यशाचे मंत्र, शेअर बाजार, मधुमेहावर विजय आणि श्रीमंत होण्याचे एकवीस मार्ग असतात. तिथं आमचं दोघांचं पाच मिनिटांत एकमत झालं आणि त्यामुळे काही मजा आली नाही. वर्गणीचे पैसे त्याच कपाटावर येतात, एवढं ग्रंथपालानं लांबून सांगितलं.

मग निघालं 'माझा प्रवास'. गोडसे भटजींचं. ते प्रवासवर्णनांत होतं, 'अपूर्वाई'च्या शेजारी. अण्णांना हसू आवरेना. पुस्तक पिवळ्या ढिगावर ठेवता ठेवता ते उघडून उभ्याउभ्याच वाचायला लागले, आणि मग मला सांगायला. वरसईचा हा गरीब भिक्षुक, घरात कर्ज, मथुरेला बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल म्हणून १८५७ला काकांबरोबर निघतो आणि सरळ बंडाच्या वणव्यात सापडतो. झाशीचा वेढा आतून बघतो. पुढं काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशी राणी भेटते, धुळीनं माखलेली, तहानेनं व्याकूळ. भटजी पाणी काढून द्यायला पुढं होतात तर ती त्यांना थांबवते. विद्वान ब्राह्मणाला आपल्यासाठी पाणी काढायला लावायचं नाही म्हणून स्वतःच मडकं विहिरीत सोडते आणि ओंजळीनं पिते. अण्णांनी हातांची ओंजळ करून दाखवली.

"हे खरं कशावरून?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"कागद कुठला याला?"

अण्णांची ओंजळ तशीच राहिली. "भटजींचाच."

"त्यांनी कधी लिहिलं?"

"...१८८३च्या सुमाराला. चिं. वि. वैद्यांनी आग्रह केला म्हणून."

"म्हणजे पंचवीस वर्षांनी, आठवणीतून. आणि १९०७ला छापलं तेही वैद्यांनी काटछाट करून, आपल्या हातानं सारवून. मूळ पोथी जशीच्या तशी दत्तो वामन पोतदारांनी काढली १९६६ला. म्हणजे मधली साठेक वर्षं लोक गोडसे भटजी म्हणून निम्मे वैद्यच वाचत होते. तरी तुम्ही पिवळ्यात ठेवताय."

"ठेवणारच. डोळ्यांनी पाहिलेल्याची साक्ष आहे ती."

मी वाटच बघत होते. निळ्या कपाटातून मी बेबी कांबळेंचं 'जिणं आमुचं' काढलं आणि पिवळ्या ढिगावर, गोडसे भटजींच्या अंगावर ठेवलं. "मग हीसुद्धा."

"हे आत्मचरित्र आहे."

"तेही आत्मचरित्रच. फलटणला दुकानात बसून, गिऱ्हाइक नसेल तेव्हा या बाईनं लिहिलं, घरच्यांपासून वीस वर्षं लपवून ठेवलं. 'स्त्री'मध्ये क्रमशः आलं आणि १९८६ला पुस्तक झालं. यात 'मी' किती आहे? थोडी. सगळा महारवाडा आहे वीरगावचा. आषाढात काय चालायचं, बाळंतिणीला खायला काय असायचं, तर काही नसायचं. पळून जाऊ पाहणाऱ्या सुनेच्या पायात लाकडी खोडा अडकवायचे, त्या खोड्यासकट ती कामं करायची, पाय सोलवटून निघायचे. अण्णा, पेशवे दप्तरात हजारो रुमाल बांधलेत. त्यातल्या कुठल्या रुमालात हा खोडा सापडेल? गोडसे भटजी पंचवीस वर्षांनी लिहितात ते साधन. काशीराज पानिपतानंतर एकोणीस वर्षांनी लिहितो ते साधन. आणि ही लिहिते ती 'आठवणी', निळी पट्टी. का?"

खाली रस्त्यावर कुणाचं तरी बँजो पथक सराव करत होतं. अण्णा खुर्चीत बसले. त्यांनी 'जिणं आमुचं' उचललं, पण उघडलं नाही.

"तुझा मुद्दा कळला," बऱ्याच वेळानं ते म्हणाले. "आणि तो बरोबर आहे. पण तुला वाटतं तेवढ्यावर तो थांबत नाही. भटजींना मी पिवळ्यात ठेवतो म्हणजे त्यांच्यावर विश्वास ठेवतो असं नाही. कलकत्त्यात राजेरजवाड्यांची सभा भरली म्हणून ते सांगतात ना, ती निव्वळ ऐकीव गप्प. झाशीत माडीवरून पाहिलेलं वेगळं, वाटेत शिपायानं सांगितलेलं वेगळं. मी ते पारखून घेतो. भांडतो त्यांच्याशी. निळ्या कपाटातल्या पुस्तकाशी कुणी भांडत नाही. डोळे पुसायचे आणि परत द्यायचं. तुला ही बाई पिवळ्यात पाहिजे असेल तर तिच्याशीही तसंच भांडावं लागेल. तिनं पाहिलेलं कुठलं, आजीकडून ऐकलेलं कुठलं, वीस वर्षांत लपवलेल्या वह्यांत काय बदललं. हे विचारलं तर तुम्हीच लोक अंगावर येता. म्हणे, तिच्या दुःखावर शंका घेता."

"दुःखावर नका घेऊ. तारखेवर घ्या."

"तारखा नाहीतच तिच्यात."

"भटजींतही फारशा नाहीत."

"नाहीत," अण्णांनी कबूल केलं. मग त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि 'जिणं आमुचं'च्या पाठीवरची निळी पट्टी नखानं खरवडायला लागले. जुना डिंक होता, निघेना. ग्रंथपालानं पुढं होऊन ओला कपडा दिला.

मी विजयी वगैरे झाले नव्हते. तो खोडा मला वाचल्यापासून छळतो आहे, पण त्याबद्दल मी कधी एक प्रश्नही विचारला नव्हता, हे मला तेव्हाच जाणवलं. कुठल्या वयाच्या सुनेला? किती दिवस? आसपासच्या गावांतही होता का? इतिहासाचा मास्तर हे पहिल्या वाचनात विचारतो. मी डोळे पुसले होते.

सहा वाजले. पाऊस भुरभुरत होता. बाद करायच्या पुस्तकांची यादी झाली, निर्लेखनाचा ठराव पुढच्या बैठकीत घ्यायचं ठरलं. विश्वास पाटलांचं 'पानिपत' कुठं ठेवायचं ते ठरलंच नाही. दोन प्रती आहेत म्हणून एक लाल कपाटात गेली आणि एक पिवळ्यात, शेजवलकरांना खेटून. अण्णांनी तिच्या पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं, 'ही कादंबरी आहे. शेजारचे पुस्तक पाहा.' सार्वजनिक पुस्तकावर लिहिल्याबद्दल वीस रुपये दंड असतो. मी बघितलं नाही असं केलं.

दिवे मालवताना खिडकीच्या कट्ट्यावर 'माझे पुराण' राहिलेलं दिसलं. मी ते निळ्या कपाटाकडे न्यायला लागले. त्याचं तिथं एक काम आहे. धोंडो केशव कर्व्यांचं १९१५चं 'आत्मवृत्त' निळ्यात आहे, आणि त्यातली सगळी निष्ठा, तो संस्थेला वाहिलेला संसार, स्वतःच्या विम्याची पॉलिसीसुद्धा आश्रमाच्या नावे करून देणं, हे सगळं वाचून माणूस हात जोडतो. त्या संसारात मीठमिरची कुठून यायची, हे मात्र १९४४च्या या पुस्तकात कळतं. शारदा सदनात शिकलेली ही विधवा १८९३ला कर्व्यांशी लग्न करते, मुरुडचा बहिष्कार सोसते, सुइणीचं शिक्षण घेते, आणि म्हातारपणी सगळं सांगून टाकते, पुस्तकी भाषेची फिकीर न करता. ही दोन पुस्तकं शेजारी असायला पाहिजेत, असं मी म्हटलं.

"पाहिजेत," अण्णा म्हणाले. "आत्ता तिथी काय आहे?"

"अं? काय की. पंचमी झाली."

"म्हणजे अजून तीन आठवडे." त्यांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं, केशरी कपाट उघडलं, गुरुचरित्र जरा सरकवलं आणि ते होतं तिथं ठेवून दिलं. "श्रावण संपला की निळ्यात घाल."